बारा रात्रींचा एकट्याने खेळायचा खेळ: फासा हवा की रोज तीनच पत्ते?

चौकट_तिर्री: आल्प्समधल्या 'पेगन' (ख्रिस्ती धर्माआधीच्या) 'राउनाख्ट'वर, म्हणजे २५ डिसेंबर ते ६ जानेवारीदरम्यानच्या बारा रात्रींवर, बेतलेला हा जर्नलिंग खेळ. साहित्य: जोकर काढलेला कॅट, एक फासा, वही. आपण सूत कातणारी बाई. शेवटच्या रात्री लोककथांतली पेर्ख्टा येते. जवसाचं सूत अपुरं दिसलं की पोट फाडून पेंढा भरते. चौकटच्या दुर्रीपासून दश्शीपर्यंत प्रत्येक पत्त्याची एक लडी, एकूण सहा लड्या हव्यात. चौथा बादशहा निघाला की ती आधीच दारात, खेळ खल्लास. नेहमीची रीत अशी की फाशावर पडेल तितके पत्ते उघडायचे आणि प्रत्येकावर एक प्रसंग लिहायचा.

माझं मत: फासा काढा, रोज तीनच पत्ते. फाशाने सरासरी ४२ पत्ते निघतात आणि तेवढ्यांत चारही बादशहा असण्याची शक्यता ४१ टक्के. तीनच्या हिशेबाने ३६ पत्ते, २२ टक्के. शिवाय सहा पडले की वहीत वाण्याची यादी होते.

इस्पिक_राणी: ४१ टक्के जास्त कसले? धास्तीच नसेल तर खेळायचं कशाला! रोज तीन म्हणजे पाचव्या रात्रीपासून हजेरीपट. यादीचा दोष फाशाचा नाही. सहाही पत्ते उघडा, लड्या आणि बादशहा मोजा, पण लिहा फक्त सर्वांत मोठ्या पत्त्यावर. एक पडला त्या रात्री पानभर.

कॅट_पिसा: खेळणाऱ्यालाच ठरवू द्या की. दोन पत्ते सक्तीचे, तिसरा-चौथा मर्जीचा. रोज दोनच घेतले तर बादशहांचा धोका ४ टक्के, पण लड्या सरासरी ४.२, म्हणजे बहुतेकदा पेंढाच. रोज चार घेतले तर लड्या ८.३, धोका ७२ टक्के. अशी ओढाताण फाशात नाही आणि तिनांतही नाही.

इस्पिक_राणी: तीन बादशहा निघाले की उरलेले पत्ते मोजत बसणार. लेखन बंद, गणित सुरू. निदान सुरुवातीलाच चार पत्ते न बघता बाजूला ठेवा. टक्के तेच राहतात, उरलेले ४८ बारा रात्रींना पुरतात आणि चौथा बादशहा कॅटमध्ये आहे का, हेच कळत नाही.

कॅट_पिसा: हे मान्य.

रिकामी_टकळी: खरी गोची वेगळीच आहे. बऱ्याच भागांत या बारा रात्री कातणंच निषिद्ध. काम आधी संपवायचं. इथे बाई रोज कातत बसलीय! आणि 'पेगन' कशाच्या जोरावर? पेर्ख्टाचे लेखी उल्लेख उत्तर मध्ययुगातले, ख्रिस्ती लेखकांचे. ती प्राचीन देवी, हे जर्मन लोककथा-संशोधक याकोब ग्रिमचं १८३५ मधलं मांडणं. इंग्लंडमधल्या बीड या ख्रिस्ती साधूने ७२५ मध्ये नोंदवलेली 'मातांची रात्र' अँग्लो-सॅक्सन लोकांची, ती इथे पुरावा म्हणून लावू नका.

चौकट_तिर्री: 'पेगन' खोडला. कातण्याच्या बंदीसाठी एक नियम: बदामचा एक्का म्हणजे घर-गोठ्यात धूप फिरवणं. तो आला की निघालेला एक बादशहा परत कॅटमध्ये पिसायचा, मात्र त्याच रात्री लडी घेतली असेल तर धूप वाया. वरचे टक्के यामुळे थोडे उतरतील. तीन पत्त्यांवर मात्र ठाम.