वहिनीच्या सांबारवडीला गिऱ्हाईक कसं मिळवावं?

नमस्कार मंडळी,

नागपूरला माझी वहिनी घरूनच सांबारवडी आणि सावजी मसाला विकते. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे!) दिवाळीआधी तिनं पेपरात ५००० पॅम्प्लेट टाकले. छपाई धरून ६००० रुपये गेले, ऑर्डरी आल्या ४. आता एक पोरगा इंस्टाग्राम सांभाळायचे महिन्याला ८००० मागतो. द्यावे का? जाणत्यांनी सांगावं.

--

अरे बाबू, थांब जरा!

पॅम्प्लेट एक रुपया वीस पैशाला पडलं म्हणून स्वस्त वाटलं. पण गिऱ्हाईक पडलं १५०० ला! एका डब्यामागं सुटतात किती, ते आधी वहिनींना विचार.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, कॅटलॉगही लावता येतो. मात्र ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम साऱ्यांना पाठवण्यात, मेख आहे. एका लिस्टीत २५६ जण बसतात खरे, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केला नाही त्याला मेसेज पोचतच नाही. माझा साळा इतवारीत पोळीभाजी केंद्र चालवतो. दोनशे जणांना रोज मेनू पाठवून राहिला होता, अन् पाहत होते जेमतेम चाळीस. मग त्यानं डब्याच्या झाकणावर चिठ्ठी डकवली: 'नंबर सेव्ह करून दाखवा, कढी फुकट'. कढीचा खर्च तो काय! पंधरा दिवसांत लिस्ट जागी झाली.

गूगल मॅपवर नाव टाकायलाही पैसे पडत नाहीत. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर लपवता येतो. कुठवर पोचवता तेवढे भाग टाकायचे.

इंस्टाग्रामचं नंतर पाहू. आधी फोनजवळ एक वही ठेवायला सांग. जो फोन करेल त्याला विचारायचं, 'कुठून कळलं?' अन् तिथंच लिहायचं. महिनाभर. सांबार स्वस्त आहे तोवरच करा हे, उन्हाळ्यात कोण वड्या तळतं?

--

काका,

आठवडाभराची वही वहिनीनं फोटो काढून पाठवली. १३ फोन. त्यातले ७ एकाच सोसायटीतले, मनीषनगरचे, आणि सातही जणांनी सांगितलं, 'तिसऱ्या माळ्यावरच्या काकूंकडे भिशीत खाल्ली.' वहिनीला ह्या काकू आठवतही नव्हत्या! काल त्यांच्याकडे दोन डझन वड्या आणि चिंचेची चटणी पोचती केली. पुढची भिशी कोणाकडे, तेही विचारून घेतलं.

पोराला सध्या नाही म्हणून कळवलं.

जानेवारीत मी नागपूरला जाऊन येतो आहे. वडी विमानात टिकत नाही, मागू नका. मसाला किती हवा ते मला वेगळं कळवा, इथं सगळ्यांना नको.