फायटर दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो, काय चुकतंय?

निळीशेपटी:
नर फायटर (बेट्टा) मासा आहे, हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारख्या शेपटीचा. आणून आठ दिवस झाले. 4 लिटरचा गोल बाऊल, फिल्टर नाही, हीटर नाही. पाणी नळाचं, दर दोन दिवसांनी पूर्ण बदलते. गाव नाशिक, सध्या रात्री बाऊलचं पाणी 19-20 अंशांवर येतं, दुपारी 23. खाद्य म्हणजे दुकानातून सुटे आणलेले लाल-हिरवे दाणे, साधारण 2 मिमीचे. पहिले तीन दिवस तोंडच लावलं नाही. आता दाणा तोंडात घेतो, चावल्यासारखं करतो आणि थुंकतो, मग दाणा तळाशी जाऊन फुगतो. आजारी आहे की सवय नाही? कुणीतरी उकडलेला मटार द्यायला सांगितलंय, देऊ का?

काचतळ:
आधी खाद्य नको, पाणी बघा. फायटर मूळचा थायलंडच्या भातखाचरांतला आणि उथळ दलदलीतला मासा. त्याला 26 ते 28 अंश लागतात. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर खाली-वर होतं, त्यामुळे 20 अंशांवर पचन मंदावतं आणि भूकही मरते. अशा वेळी त्याने खाल्लं नाही हे एका अर्थी बरंच आहे, थंड पाण्यात पोटात गेलेलं तसंच पडून राहतं.

बाऊल बाजूला ठेवा आणि 15 ते 20 लिटरची चौकोनी टाकी घ्या, वर झाकण हवंच. हा मासा उडी मारतो. शिवाय तो पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो, म्हणून झाकणाखालची हवाही उबदार राहायला हवी. पाणी काठोकाठ भरू नका, वर दोन-तीन बोटं मोकळी जागा ठेवा. थर्मोस्टॅट असलेला 50 वॉटचा हीटर पुरेल. पाण्यात बुडवून 15-20 मिनिटांनी चालू करायचा आणि पाणी बदलताना आधी बंद करायचा, नाहीतर काच तडकते. तापमान एकदम चढवू नका, दिवसाला दोन-तीन अंश बस. सोबत स्पंज फिल्टर, हवा अगदी मंद. लांब पंखांच्या माशाला प्रवाह झेपत नाही आणि पोहून दमलेला मासा खायलाही वर येत नाही.

दुसरं, पूर्ण पाणी बदलणं थांबवा. दर वेळी क्लोरीन, तापमान, पीएच सगळं एकाच क्षणी बदलतं. नवीन टाकीत माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एक दिवसाआड 30 टक्के पाणी बदला, तेही टाकीच्याच तापमानाचं आणि अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं. पाणी 24 तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो, पण पुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो उडत नाही, म्हणून औषध घातलेलं बरं. अमोनियाचं टेस्ट किट घ्या, आकडा शून्यच हवा. तळाशी फुगलेले दाणे कुजून अमोनियाच करतात, 4 लिटरमध्ये तो चढायला वेळ लागत नाही. अमोनियाने कल्ले जळजळतात आणि मासा खाणं सोडतो, आपण काळजीने आणखी दाणे टाकतो, पाणी आणखी बिघडतं. न खाल्लेला दाणा दहा मिनिटांत ड्रॉपरने काढा.

डबक्यातलाजीव:
वरचं सगळं बरोबर. आता थुंकण्याबद्दल. फायटर मोठा घास तोंडात घेऊन थुंकतो, पुन्हा उचलतो, पुन्हा थुंकतो, असं करत तो मऊ करून गिळतो. शेवटी पोटात गेला तर काळजी नाही. तुमच्याकडे दाणा तळाशीच राहतोय, कारण 2 मिमी त्याच्या तोंडाला मोठा आहे. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे आणि डासांच्या अळ्या टिपण्यासाठी. तळाचं उचलायचा त्याला मुळात कल नाही.

1 मिमीचे किंवा त्याहून बारीक, तरंगणारे, बेट्टासाठीचे सीलबंद दाणे घ्या. घटकांत पहिलं नाव माशाच्या किंवा कोळंबीच्या भुकटीचं हवं, गव्हाचं नव्हे. सुटे रंगीत दाणे किती जुने आहेत ते कळत नाही. त्यांतली चरबी खवट झाली की मासा वासानेच नाकारतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघड्या पुडीला बुरशीही लागते. लहान पॅक, घट्ट झाकण, तीन महिन्यांत संपवायचं.

दुकानात या माशांना बहुतेक जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) घातलेले असतात, दाणा हे अन्न आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. सवय अशी लावा: पाणी 26 अंशांवर स्थिर झालं की एक दिवस उपास. दुसऱ्या दिवशी दिवा लावून दहा मिनिटांनी फ्रोझन ब्लडवर्मच्या (चिलटासारख्या किड्याच्या लाल अळ्या) तुकड्यातून एक अळी वितळवून चिमट्याने पृष्ठभागावर हलवा. ती खाल्ली की त्याच जागी त्या वितळलेल्या रसात पाच मिनिटं भिजवलेला एक दाणा. रोज अळी कमी, दाणे जास्त. आठवड्या-दीड आठवड्यात बहुतेक मासे वळतात. जागा आणि वेळ बदलू नका, रात्री अंधारात तर देऊच नका.

ट्युबिफेक्स मात्र टाळाच, ते गटाराच्या गाळात वाढतात. डासांच्या अळ्या हे त्याचं अस्सल खाणं, पण घरात उघडं पाणी साठवून पिकवायच्या नाहीत. आठ-दहा दिवसांत त्याच अळ्यांचे डास होतात आणि डेंग्यूचा धोका शेजाऱ्यांनाही असतो. त्यापेक्षा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) काढा: 1 लिटर पाण्यात 25-30 ग्रॅम खडेमीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तापमान 27 च्या आसपास, एअरपंप जोरात, वर दिवा. 24 ते 36 तासांत पिल्लं निघतात. पंप बंद केला की टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तिथून नळीने ओढायची, दुहेरी मलमलीतून गाळून साध्या पाण्याने धुऊन द्यायची. टरफलं माशाच्या पोटात जाऊ देऊ नका.

निळीशेपटी:
हीटर उद्याच आणते. एक सांगायचं राहिलं, काल पोट थोडं फुगलेलं वाटलं. मटाराचं काय?

कमळपान:
मटार नको. तो गोल्डफिशसाठीचा उपाय आहे, फायटर मांसाहारी, त्याला वनस्पतीचा चोथा नीट पचत नाही. त्याऐवजी 27 अंशांवर दोन-तीन दिवस पूर्ण उपास, मग डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू. तिच्या कवचाने पोट साफ होतं. फ्रीझ-ड्राइड ब्लडवर्म कोरडे देऊ नका, टाकीच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवूनच, आणि आठवड्यातून दोनदाच.

उपासाने उतरलं नाही आणि मासा एका कुशीवर तरंगायला लागला तर एप्सम सॉल्ट, 20 लिटरला एक सपाट चमचा, वेगळ्या भांड्यात विरघळवून. हे मॅग्नेशियम सल्फेट, खाण्याचं मीठ नव्हे.

माशाला वरून बघा. खवले उभे राहून अंग काटेरी दिसत असेल तर ते बद्धकोष्ठ नाही, जलोदर आहे. तिथे उपासाने काही होत नाही, मासे तपासणारा पशुवैद्य गाठा. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लांब असेल तर आतल्या कृमींची शक्यता धरा. पण उपाशी माशाचीही विष्ठा फिकट असते, तेव्हा खायला लागल्यावर दोन दिवस बघून मगच औषध. गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर कॅमलॅनस हे आतड्यातले कृमी, त्यावर लेव्हामिसोल हे जंतनाशक.

काचतळ:
एकदा खायला लागला की सकाळी 1 मिमीचे तीन दाणे, संध्याकाळी तीन, आठवड्यातून एक दिवस काही नाही. एकेक दाणा टाका, गिळल्यावरच पुढचा. पुरत नाहीत असं वाटेल, कारण तुम्ही दिसलात की तो काचेशी नाचेल. वाढवू नका. आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून दिवसभर कल्ले फुलवत असेल तर मागच्या बाजूला काळा कागद लावा, तो ताणही भूक घालवतो. निरोगी मोठा फायटर चांगल्या पाण्यात आठवडाभर न खाता राहू शकतो, तेव्हा हीटर लागून तापमान स्थिर होईपर्यंत दाण्याचा डबा उघडूच नका.