आजोबांच्या वर्दीवरचे पंख कुठे लावायचे?

नाशिकरोडची नात
आजोबा तोफखान्यात हवालदार होते, १९८४ ला निवृत्त झाले. मागच्या दिवाळीआधी गेले. काल त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. वर्दीचा हिरवा शर्ट निघाला आणि रुमालात बांधलेला एक कापडी बिल्ला. मधे पांढरं पॅराशूट, दोन्ही बाजूंना फिकट निळे पंख. शर्ट फ्रेम करून बैठकीत लावायचाय. दादा म्हणतो, तोफखान्याचा माणूस विमानातून उडी कशाला मारेल, हा दुसऱ्या कुणाचा असेल. आणि त्याला शेजारी 'बलिदान' लिहिलेला धातूचा बिल्लाही हवाय, २०१९ च्या वर्ल्डकपात धोनीच्या ग्लोव्हजवर होता तसा. ऑनलाइन मिळतो म्हणे. काय करू?

कॅम्पातला शिंपी
ताई, देवळाली कॅम्पात वर्दी शिवण्यात माझी चाळीस वर्षं गेली. आधी दुसऱ्या बिल्ल्याचं सांगतो. तो लावू नका. टोक खाली केलेला खंजीर आणि त्याच्या पात्यावर देवनागरीत 'बलिदान', तो पॅरा स्पेशल फोर्सेसचा, म्हणजे सैन्यातल्या खास कमांडोंचा. आजोबांनी जे कमावलं नाही ते त्यांच्या छातीवर चढवू नका, त्यांनाच आवडलं नसतं. माझ्याकडेही पोरं येतात, जॅकेटवर शिवून द्या म्हणतात. मी हात लावत नाही.

पंखांचं वेगळं. ते आग्र्याच्या सैनिकी शाळेत पॅराशूटने पाच उड्या मारल्यावर मिळतात, त्यात एक रात्रीची. धोनीनेही २०१५ ला त्या पाच पूर्ण केल्या होत्या.

आता शर्ट खिडकीपाशी न्या. उजव्या खिशाच्या वर, नावाच्या पट्टीच्या वर बघा. कापड उन्हाने विटतं, पण बिल्ल्याखालचं विटत नाही. आणि टाक्यांची भोकं राहतात. काय दिसतं ते कळवा.

निवृत्त गनर
दादाला सांगा, तोफखानाही उडी मारतो. ९ आणि १७ पॅरा फील्ड या तोफखान्याच्याच रेजिमेंट. पायदळ खाली उतरलं की त्याला तोफेची साथ लागते, म्हणून तोफाही पॅराशूटनेच उतरवायच्या आणि त्या चालवणाऱ्यांनीही. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाइलला २ पॅरा या पायदळाच्या पलटणीबरोबर तोफखान्याची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, उतरली होती. आजोबांच्या डिस्चार्ज बुकात रेजिमेंट बघा. ट्रंकेत गडद लाल बेरे, म्हणजे पॅरावाल्यांची मऊ गोल टोपी, आहे का?

नाशिकरोडची नात
बेरे आहे! तळाशी होती, आईला वाटलं टोपी कुणा लहान मुलाची. बुकात १७ पॅरा फील्ड लिहिलंय. आणि काका, उजव्या खिशाच्या वर पंखांच्याच आकाराचा गडद हिरवा डाग आहे, कडेने बारीक भोकं. बिल्ला ठेवला तर तंतोतंत बसला. दादा मघापासून गप्प आहे, शर्ट हातात घेऊन बसलाय.

कॅम्पातला शिंपी
मग तो बिल्ला तिथेच जाईल. धुऊ नका, निळा धागा पांढऱ्यावर उतरेल. मऊ ब्रशने धूळ झटका. गोंद अजिबात नको. नवी भोकं पाडायची नाहीत, जुन्यातूनच कच्चे टाके घाला, चार कोपऱ्यांना चार पुरतात. इस्त्री करायचीच तर उलट्या बाजूने, डागावर नको, तो तसाच राहू दे. फ्रेम उन्हाच्या भिंतीला टांगू नका. स्वतः जमत नसेल तर दादाला घेऊन कॅम्पात या, शर्ट घडी न घालता आणा. टाके घालायचे पैसे घेणार नाही.