टिग्रिस एका बैठकीत 'ओव्हररेटेड' ठरवणाऱ्यांसाठी

मेंढीकोट:
आपल्या रविवारच्या बोर्डगेमच्या ग्रुपवर काल एक मेसेज आला: "टिग्रिस अँड युफ्रेटिस खेळलो. दोन तास गेले, काय चाललंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. ओव्हररेटेड. असले जुने खेळ माळ्यावर टाका, दर रविवारी एक नवीन काढू." त्याखाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून हा धागा.

अहो, दोन तासांत कळणार काय होतं? डिझायनर क्निझियाचा १९९७ सालचा खेळ आहे तो. पहिल्या डावात सगळेच कच्चे लिंबू असतात, कारण जो तो समोरचं राज्य आपलं समजून बसतो. राज्य कुणाचंच नसतं! तुमचा काळा राजा जिथे बसलाय तिथेच माझा हिरवा व्यापारी मजेत गुण खातो. आणि शेवटी मोजायचा तो तुमचा सगळ्यात लंगडा, म्हणजे सगळ्यात कमी गुणांचा, रंग. काळे वीस आणि निळे तीन असले तर तुमचे गुण तीन. नियम सांगताना यावर सगळे माना डोलावतात आणि पुढचा तासभर काळेच गोळा करतात. रविवारी हेच झालं.

गंमत पुढे आहे. बंडात (एका राज्यात त्याच रंगाचा दुसरा नेता घुसला की) लाल देवळं मोजायची आणि युद्धात (दोन राज्यं जुळून एकाच रंगाचे नेते भिडले की) त्या त्या रंगाच्या टाइल, म्हणजे पटावरचे चौकोनी तुकडे, हे एकदा अंगात भिनलं की कुणीतरी एक टाइल ठेवून दोन राज्यं जोडतो. त्यात त्याचा स्वतःचा एकही नेता नसतो, नुसती दुसऱ्या दोघांची जुंपून द्यायची असते. खरा टिग्रिस तिथून सुरू होतो. पण तेच चार भिडू परत बसले तरच. दर रविवारी नवा खेळ काढणारा माणूस फक्त नियम शिकतो, खेळ शिकतच नाही.

नवाकोरा:
माझ्या एका मेसेजवर अख्खा धागा! सत्कार समजतो.

मला महिन्यातून जेमतेम दोन रविवार मिळतात, तेही मुलीला आजीकडे सोडून. त्यातले निम्मे 'अजून दोनदा हरा, मग मजा येईल' यासाठी का घालवू? ज्या खेळाची मजा पहिल्या बैठकीत लपून बसते तो खेळ शिकवायला नालायक आहे, एवढं साधं आहे. आणि 'तेच चार भिडू'चा अर्थ मला चांगला कळतो. ज्याच्या घरी खेळाचा डबा आहे तो दरवेळी जिंकणार आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नव्या खेळात निदान सगळे सारखेच अडाणी असतात.

शिवाय रविवारी तुम्ही जे केलंत त्याला शिकवणं नाही, कीर्तन म्हणतात. पाऊण तास पूर्वरंगच चालला होता.

डावीकडची:
दोघांचंही निम्मं बरोबर. पोर्टो रिको आठवा (मळे आणि मालाचा खेळ, २००२ चा, आपला कोपरे झिजलेला डबा). नवखा भिडू बसला की जिंकतो कोण? त्याच्या डावीकडचा. नवखा उत्साहात कारागिराची भूमिका घेतो, सगळ्यांच्या मळ्यातला माल तयार होतो, आणि लगेच डावीकडचा व्यापारी (माल विकणारा) नाहीतर कप्तान (माल जहाजात भरणारा) घेऊन मलई खातो. नवख्याची काही चूक नसते, त्याला पुढची चाल दिसतच नाही. पण बाकी दोघांचा डाव फुकट जातो. असे खेळ एक तर सगळ्यांनी मिळून पहिल्यापासून शिकावे, नाहीतर काढूच नयेत. मेंढीकोट, तुम्ही दरवेळी नव्या माणसाच्या डावीकडे जाऊन बसता हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

आणि विषय निघालाच आहे तर: बाकरवडी खाऊन कार्डांना हात लावणाऱ्यांनी आधी हात धुवावेत. सगळ्या खेळांच्या कार्डांना स्लीव्ह (प्लास्टिकची कव्हरं) घालणं परवडत नाही.

मेंढीकोट:
मी खिडकीजवळ बसतो. पंखा तिथे लागतो.

किल्लेदार:
'जुने खेळ नीट शिका' हे ठीक, पण कुठल्या आवृत्तीचे नियम? गेल्या वेळी कार्कासोनला (टाइल जोडून शहरं-शेतं करायचा खेळ) दोन टाइलच्या छोट्या शहराचे मला दोनच गुण दिले. चार होतात.

मेंढीकोट:
दोन. आपला डबा जुना आहे, त्याच्या रूलबुकात दोन आहेत.

किल्लेदार:
नंतरच्या नियमांत चार केले आहेत. शेतकऱ्यांचंही (शेतात ठेवलेल्या सोंगट्यांचंही) तेच. आता प्रत्येक शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे तीन गुण. तुम्ही अजून शहराभोवतीचे शेतकरी मोजून ज्याचे जास्त त्याला चार देता. त्या हिशोबात माझे सतरा गुण गेले आणि मी हरलो.

ठोकळा:
शेतकऱ्याला जुन्या नियमानेच मोजा. एका शहरासाठी चारी बाजूंनी झोंबाझोंबी व्हायची ती नव्या नियमात संपली. आता जो तो आपापल्या शेतात आडवा पडून असतो.

किल्लेदार:
झोंबाझोंबी?! नव्या माणसाला ते जुनं मोजणं एकदा समजावून दाखवा. मी माझ्या भाच्याला सांगत होतो, तो मध्येच उठून क्रिकेट बघायला गेला.

ठोकळा:
भाच्याला कंटाळा आला म्हणून नियम बदलायचा? मग 'व्यापार' या खेळातही हेच. कुणी जागा विकत घेतली नाही तर लिलाव करायचा हा मूळ मोनोपॉलीचा नियम. आपल्यापैकी किती घरांत कधी लिलाव झाला? नियम वाचायचेच नाहीत आणि मग खेळ संपत नाही म्हणून बोंब मारायची.

किल्लेदार:
विषय कार्कासोनचा आहे. माझे सतरा गुण.

नवाकोरा:
बघा! हेच म्हणतोय मी. जुन्या खेळात नियमावर भांडण, नियम झाला की आवृत्तीवर भांडण. मी उगाच दोन तास म्हणालो.

डावीकडची:
तुम्ही तर जिंकत नाही म्हणून भांडता. त्याला रडीचा डाव म्हणतात.

नवाकोरा:
वैयक्तिक होऊ नका, ताई. तुमच्या पोर्टो रिकोत मी दुसरा आलो होतो.

डावीकडची:
तीन जणांत.

कोपऱ्यातला:
जरा थांबा. आमचे सासरे बँकेतून निवृत्त झालेले, इंग्रजी रूलबुकाला हातही लावला नाही. त्यांना ॲक्वायर खेळायला बसवलं (हॉटेलांच्या साखळ्या आणि त्यांच्या शेअरचा खेळ, डिझायनर सॅक्सनचा, १९६४ चा, म्हणजे इथल्या कुणाहीपेक्षा जुना). पहिल्या डावात दरवेळी तीन-तीन शेअर घेत सुटले आणि रोकड संपवून बसले. मग हॉटेलांच्या साखळ्या एकमेकींना गिळत होत्या, गिळलेल्या साखळीत जास्त शेअर असलेले आम्ही बोनस घेत होतो आणि ते नुसते बघत होते. चिडले, चहा घेतला नाही. पुढच्या शनिवारी स्वतःच म्हणाले, "तो हॉटेलांचा पट काढ." त्या वेळी त्यांनी हातात पैसे राखले, एका मरतुकड्या साखळीत सगळ्यात जास्त शेअर धरले आणि ती गिळली जायची वाट बघितली. अकरा टाइल झालेली साखळी गिळता येत नाही हे आम्ही सांगितलंही नव्हतं, त्यांनी समोरच्याचं बघून हेरलं. आता आम्हाला जिंकू देत नाहीत. पाऊण तासाच्या भाषणाने हे झालं नसतं. एका डावातही नाही.

नवाकोरा:
सासऱ्यांचा किस्सा म्हणजे पुरावा नव्हे. माझे सासरे रमीच्या पुढे जायला तयार नाहीत.

कोपऱ्यातला:
मग तुम्ही चुकीच्या घरी दिलेत.

नवाकोरा:
बरं. मेंढीकोटांच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून सांगतो: येते दोन्ही रविवार टिग्रिस. अटी माझ्या. नियम डावीकडची सांगणार, दहा मिनिटांत. बंड आणि युद्ध जेव्हा होईल तेव्हाच समजावायचं. मेंढीकोटांनी पहिल्या डावात कुणालाही "तिथे नको ठेवू" म्हणायचं नाही. आणि तरीही कंटाळा आला तर तिसऱ्या रविवारी खेळ मी निवडणार, यंदाच्या वर्षी छापलेला.

मेंढीकोट:
मंजूर. यंदाच्या वर्षी छापलेल्या खेळाची आयातीची किंमत बघून ठेवा, वर्गणी मागायच्या आधी.

डावीकडची:
मी सांगते नियम. पण खिडकीजवळ मी बसणार.

किल्लेदार:
टिग्रिस संपल्यावर वेळ उरला तर कार्कासोन. येताना नव्या रूलबुकाची प्रिंट काढून आणतो.

ठोकळा:
आणा. डबा माझ्याकडे आहे.