कार्बोरेटर साफ केला, प्लग नवे टाकले, तरी जुनी गाडी चढावर दम टाकते

अर्धाचोक:
नमस्कार मंडळी. गाडी १९८८ ची. पेट्रोल, चार सिलिंडर, कार्बोरेटर, इग्निशन जुन्या पद्धतीचं म्हणजे पॉइंट-कंडेन्सरवालं (पॉइंट उघडले की ठिणगी पडते). वडिलांची गाडी, आता माझ्याकडे आली आहे.

थंड इंजिन चोक ओढला की लगेच लागतं. गरम झालं की स्लो (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) स्थिर राहत नाही, वर-खाली होतो. सपाटीवर सावकाश चालवली तर तक्रार नाही. चढावर तिसऱ्या-चौथ्यात पाय दाबत जावं तर आवाज जड होतो, पण ओढ काही वाढत नाही. अ‍ॅव्हरेज पडलंय आणि टेम्परेचरचा काटाही पूर्वीपेक्षा जरा वर राहतो.

आतापर्यंत कार्बोरेटर खोलून साफ केला, किट नवीन टाकलं, प्लग आणि एअर फिल्टर बदलले. स्लो धरावा म्हणून गॅरेजमध्ये मिक्श्चरचा स्क्रू बराच बाहेर काढून दिला, आता प्लग काळे येतात. पुढे काय बघू? मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) बदलू का?

वेगळा_रस्ता:
जेट एक नंबर मोठा टाक आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भर. जुन्या इंजिनाला जरा जास्त खुराक लागतो.

बारातेरा_पाना:
जेटला हात लावू नकोस. प्लग आधीच काळे येताहेत, त्यात आणखी पेट्रोल कशाला ओतायचं? आणि ऑक्टेन जास्त असलं म्हणून ताकद वाढत नाही, ते फक्त ठोका (पेट्रोल अवेळी भडकून होणारी टकटक) लागू देत नाही. तुझ्या इंजिनाला ठोका लागतच नाहीये. माझा अंदाज नेमका उलटा आहे, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलंय.

हे कशावरून? काट्यावरून. ठिणगी उशिरा पडली की जळणही उशिरा संपतं. पिस्टनला ढकलायची ताकद वाया जाते आणि उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने हेडमध्ये शिरते. ओढ नाही, अ‍ॅव्हरेज नाही, इंजिन गरम, हे तिन्ही एकदम आलं की मी आधी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट यातच असतात) उघडतो. कार्बोरेटरच्या म्हणून आलेल्या तक्रारी अर्ध्याहून जास्त वेळा इग्निशनच्या निघतात. पण कार्बोरेटर वर दिसतो, म्हणून सगळे त्याच्याच मागे.

त्याआधी एक खात्री कर. सपाट रस्त्यावर गियर काढून गाडी सोडली तर मोकळी धावते ना? ब्रेक धरून राहिले असतील किंवा क्लच घसरत असेल तर इंजिन बिचारं फुकट बदनाम होतं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोज. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, १० ते १५ टक्क्यांच्या आत. एखादा फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घे. आकडा वर आला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. इथे गडबड निघाली तर पुढचं ट्यूनिंग सोडून दे.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढ आणि इंजिन बंद ठेवून दोन गोष्टी बघ.

एक, रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) बोटांत धरून तो फिरतो त्या दिशेला पिळ. थोडा फिरला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. हललाच नाही किंवा आळसावून मागे आला तर खालची अ‍ॅडव्हान्सची वजनं जाम आहेत. म्हणजे रेस वाढली तरी टायमिंग पुढे सरकत नाही.

दोन, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला इंजिनाच्या हवेच्या ओढीने टायमिंग पुढे सरकवणारी डबी असते. त्या व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सच्या डबीला स्वच्छ नळीचा तुकडा लाव (जुनी नळी तोंडात धरू नकोस, पेट्रोलची चव दिवसभर जात नाही) आणि हवा ओढ. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे, आणि नळीच्या तोंडाला जीभ लावून ठेवली तर तिथेच थांबली पाहिजे. हवा नुसती येत राहिली तर आतला पडदा फाटलाय. पूर्ण दाबल्यावर याने काही फरक पडत नाही, पण अर्ध्या पायावर चालवताना अ‍ॅव्हरेज इथेच मरतं.

कॉइलवाला:
एवढ्या भानगडीपेक्षा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. माझ्या गाडीत तेच आहे, कधी बघावं लागत नाही.

बारातेरा_पाना:
@कॉइलवाला, चांगली चीज आहे, नाही म्हणत नाही. पण ती त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये बसते. वजनं जाम असतील तर जामच राहतील, पडदा फाटका असेल तर फाटकाच. आधी आहे ते नीट होऊ दे, मग हौस म्हणून टाक.

अर्धाचोक:
काका, मानलं. गाडी मोकळी धावते. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १४५ ते १५५ पीएसआयच्या मधे. पडदा शाबूत आहे, प्लेट सरकते आणि थांबते. रोटर मात्र हललाच नाही! जोर लावल्यावर कचकन थोडा फिरला आणि तिथेच राहिला. पॉइंटची गॅप ०.२० मिमी निघाली, पुस्तकात ०.४० आहे. एका पॉइंटवर टेंगूळ, दुसऱ्यावर खड्डा. आता कुठून सुरुवात करू?

बारातेरा_पाना:
दोन्हीकडून मार खाल्लाय. गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. वर वजनंही जाम.

प्लेट काढ, वजनं आणि स्प्रिंगा सोडव. बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन स्प्रिंगा सारख्या नसतात, एक नरम आणि एक कडक. कुठली कुठे होती याचा आधी फोटो काढून ठेव. वाळलेलं ग्रीस डिझेलने धुऊन काढ, पातळ तेलाचा थेंब दे, परत बसव. रोटरच्या खाली शाफ्टच्या डोक्यात नमद्याचा एक छोटा तुकडा असतो. तिथे सर्व्हिसिंगला दोन थेंब तेल घालायचं असतं, ते कुणी घालत नाही आणि मग वजनं अशी धरतात. दोनच थेंब. जास्त घातलं तर उडून पॉइंटवर जाईल आणि पॉइंट जळतील.

पॉइंट घासत बसू नकोस, कंडेन्सरसकट नवे टाक. टेंगूळ-खड्डा लवकर येणं ही बहुधा कंडेन्सरचीच करणी.

क्रम सोडू नकोस. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंटची गॅप, मग टायमिंग, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. गॅप हलली की टायमिंग हलतं, म्हणून उलटं केलंस तर काम दुप्पट. टायमिंग बघताना व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद कर, स्लोवर पुस्तकातल्या अंशांवर आण. मग रेस वाढव, टायमिंग लाइटमध्ये खूण सरकत पुढे गेलीच पाहिजे. खूण एका जागी न राहता नाचत असेल तर शाफ्टचा बुश (त्याच्या आधाराची नळी) गेलाय.

आणि तो बाहेर काढलेला मिक्श्चरचा स्क्रू पुस्तकातल्या जागी ने. तो फक्त स्लोचं बघतो, चढावरच्या ओढीशी त्याचा संबंध नाही.

अर्धाचोक:
झालं काका. टॅपेटमध्ये दोन ढिले होते, ते बसवले. रोटर आता झटकन मागे येतो, टायमिंगची खूण रेसबरोबर छान पुढे जाते, नाचत नाही. त्याच चढावर आता तिसऱ्यात वेग वाढतो, काटाही खाली आला. स्लो मात्र गरम झाल्यावर अजून थोडा हलतोच.

बारातेरा_पाना:
कुठूनतरी हवा ओढतेय. इंजिन स्लोवर ठेव आणि कार्ब क्लीनरचा बारीक फवारा एकेका जागी मार. मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, थ्रॉटलच्या दांडीची दोन्ही टोकं. गरम एक्झॉस्टवर आणि प्लगच्या वायरींवर अजिबात नको, आग लागेल. जिथे मारल्यावर स्लो बदलेल तिथे गळती.

अर्धाचोक:
थ्रॉटलच्या दांडीच्या एका टोकाला मारलं की स्लो लगेच वर जातो. हाताने दांडी हलवली तर खेळ जाणवतो.

बारातेरा_पाना:
मग ती घासली आहे. कार्बोरेटरच्या किटमध्ये याचा इलाज नसतो. बॉडी लेथवर बोअर करून बुश टाकावा लागतो. घाई नाही, तोवर गाडी चालव. नवे पॉइंट सुरुवातीला पटकन बसतात, त्यांची कॅमवर घासणारी टाच झिजते आणि गॅप परत कमी होते. पाचशे किलोमीटरनंतर गॅप आणि टायमिंग दोन्ही पुन्हा बघ. कॅमला पॉइंटचं ग्रीस लावलंस ना?