मदत हवी आहे: गेमिंग लॅपटॉपवर ग्राफिक्स क्रॅश होतंय, आणि सकाळी लॅपटॉप चालूच होत नाही

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. लॅपटॉप ३ वर्षांचा आहे, वॉरंटी संपलीय. १६ जीबी डीडीआर ५ रॅम (८-८ च्या दोन पट्ट्या), ६ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, २३० वॅटचा अडॅप्टर, विंडोज ११. दिवसा मी त्याच्यावर जत्रेतल्या नाटकांचे आणि घुमट (आमच्याकडचं मातीचं तालवाद्य) आरत्यांचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री भाचा गेम खेळतो. आमच्या वाड्यावरच्या आरती मंडळाचा व्हिडिओ चवथीच्या आधी द्यायचा आहे, म्हणून जीव खालीवर होतोय.

मिरग लागल्यापासून दोन त्रास सुरू झालेत.

पहिला, गेम किंवा एक्स्पोर्ट सुरू करून १०-१५ मिनिटं झाली की चित्र गोठतं. आवाज मात्र चालू राहतो, घुमटाचा एकच ठोका अडकल्यासारखा वाजत राहतो. मग स्क्रीन काळी. कधी ५-६ सेकंदांत डेस्कटॉप परत येतो, कधी निळी स्क्रीन येऊन 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, ४१०१ ची नोंद असते, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरने उत्तर देणं बंद केलं आणि विंडोजने तो पुन्हा उठवला. त्याच्या पाठोपाठ कधी कर्नल पॉवर ४१ असते, पण ती नोंद फक्त मशीन नीट बंद न होता बंद पडलं एवढंच सांगते, कारण सांगत नाही. ती बघून पॉवर सप्लाय बदलायला निघू नका, मी जवळजवळ निघालो होतो.

दुसरा त्रास सकाळचा. बटण दाबलं की पंखे फिरतात, कीबोर्डचे दिवे लागतात, पण कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही. बाहेरचा मॉनिटर लावला तरी काळंच. अडॅप्टर काढून बटण ३० सेकंद दाबून धरलं की तिसऱ्या-चौथ्या वेळी चालू होतो. एकदा चालू झाला की दिवसभर कितीही वेळा रीस्टार्ट करा, काही होत नाही. रात्रभर बंद राहिला की सकाळी पुन्हा तेच.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो, म्हणजे तेच तेच सुचवण्यात तुमचा वेळ जायला नको. इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण पुसणारा प्रोग्रॅम) ड्रायव्हर मुळापासून काढला आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा जुना टाकला. फरक शून्य. फास्ट स्टार्टअप बंद केलं. बायॉस (विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केलं. मेमरी डायग्नोस्टिक दोनदा चालवलं, दोष सापडला नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमधून वेगळं ग्राफिक्स कार्ड बंद करून चार दिवस फक्त प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम केलं. त्या चार दिवसांत एकही क्रॅश नाही, पण सकाळचा त्रास होताच. त्यावरून मला वाटतं की हे दोन वेगळे आजार आहेत. शिवाय लोगो येण्याआधी विंडोज सुरूच झालेलं नसतं, तर सकाळच्या त्रासात ड्रायव्हरचा दोष कसा असेल?

तापमानही बघितलं. लोड असताना ग्राफिक्स कार्ड ८५ अंशांवर, पण त्याचाच हॉट स्पॉट, म्हणजे चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू, १०४-१०५ वर. म्हणजे जवळजवळ २० अंशांचा फरक. चिपची उष्णता वरच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) पोचवणारी पेस्ट एका बाजूला सुकली किंवा सरकली की असं होतं, असं वाचलंय.

एका दुकानात दाखवलं. लॅपटॉप उघडला नाही, १० मिनिटं टेबलावर ठेवून बघितला आणि मदरबोर्ड बदलावा लागेल म्हणाले, ४२ हजार. ग्राफिक्स चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वेगळी बदलता येत नाही, हे मला कळतं. पण आतून न बघता ४२ हजार? एवढे पैसे घालण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

अजून एक गोष्ट. चार्जिंगला असताना झाकणावर हात ठेवला की झिणझिण्या येतात. आमचं घर जुनं, त्या खोलीतल्या प्लगला अर्थिंग नाही. पावसात वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते आणि येताना दिवे आधी मंद, मग एकदम लख्ख होतात. याचा संबंध असेल का?

पाच दिवसांनंतरची भर

ज्यांनी ज्यांनी उत्तरं दिली त्यांचे मनापासून आभार. रॅम काढून बसवा असं तिघांनी सांगितलं होतं. आधी अडॅप्टर काढा, मग आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा, त्यानंतरच रॅमला हात लावा, ही सूचना तंतोतंत पाळली. मागचं झाकण उघडलं तर आत दमट वास, आणि एका पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट पापुद्रा. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मग इथे का येणार नाही! पांढऱ्या खोडरबराने हळू पुसलं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, वाळू दिलं, पट्टी टक आवाज येईपर्यंत बसवली.

ज्यांनी 'डीडीआर ५ मध्ये पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळणी चालते, स्क्रीन काही मिनिटं काळी राहील, बटण दाबू नका' असं लिहिलं होतं, त्यांचे वेगळे आभार. पूर्ण तीन मिनिटं काळी होती. ते वाचलं नसतं तर मी नक्की बंद केला असता. तेव्हापासून पाचही सकाळी पहिल्या बटणाला चालू झाला. रात्री आता तो सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवतो.

अर्थिंग असलेल्या स्वयंपाकघरातल्या प्लगवर लावला तर झिणझिण्या गेल्या, क्रॅश मात्र तसाच. त्यामुळे तो संबंध नसावा, तरी वायरमनला बोलावलंय. ते काम तसंही व्हायलाच हवं.

क्रॅशबद्दल मात्र एक धागा हाती लागलाय. गेमला ६० फ्रेम्सची मर्यादा घातली की हॉट स्पॉट ९० च्या खाली राहतो आणि भाचा दोन तास विनाअडथळा खेळतो. मर्यादा काढली की बाराव्या मिनिटाला पडतो. बॅटरीवर चालवलं, म्हणजे कार्डाला वीजच कमी मिळाली, तरीही पडत नाही.

तर आता माझा प्रश्न एवढाच उरलाय. पेस्ट बदलून हे थांबेल असं कोणाच्या अनुभवात आहे का, की कार्डाला वीज पुरवणारे बोर्डावरचे भागच थकलेत? पेस्ट करायची तर नेहमीची घालू की पीटीएम ७९५० ची पट्टी (पेस्टऐवजी लावतात, गरम झाली की मऊ होऊन पसरते)? लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा, वीज वाहून नेणारा पातळ धातू) मला नको, सांडलं तर बोर्डच जाईल. आणि म्हापसा, पणजी, फोंडा या पट्ट्यात समोर बसवून लॅपटॉप उघडणारा, हीटसिंकचे स्क्रू क्रमाने कसणारा कारागीर कोणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा.

आरतीचा व्हिडिओ आज रात्री कार्ड बंद ठेवून, फक्त प्रोसेसरवर एक्स्पोर्टला लावतोय. सहा-सात तास लागतील, इन्व्हर्टर भरलेला आहे. हीटसिंकचे फोटो उद्या सकाळी टाकतो.