सिंथेटिक स्टॉकचा लवणारा फोरएंड घरच्या घरी कडक कसा करावा?

कोलशेतकर_नेमबाज

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ४.५ मिमीची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी) एअर रायफल आहे. तिची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असल्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तिला परवाना लागत नाही, तेव्हा तो मुद्दा इथे नाही. अडचण स्टॉकची, म्हणजे रायफल ज्यात बसते त्या प्लास्टिकच्या दस्त्याची आहे. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली की २५ मीटरवर छर्रे एकमेकांना चिकटून बसतात. पण बायपॉड (पुढचा दोन पायांचा आधार) लावून खांद्याने पुढे दाब दिला की अख्खा ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा पुंजका, वर सरकतो, आणि किती सरकेल हे दाब किती दिला यावर ठरते.

फोरएंड (स्टॉकचा बॅरलखालचा पुढचा भाग) आणि एअर सिलिंडर यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहिली. पिशवीवर ती टोकापासून पुढच्या स्क्रूपर्यंत सहज जाते. बायपॉडवर दाब दिल्यावर मात्र टोकाशीच अडकते. स्टॉक काढून पाहिला तर फोरएंड आतून पोकळ आहे: दोन बाजूच्या भिंती, तळ, आणि मध्ये आडव्या पातळ फासळ्यांनी केलेले रिकामे कप्पे. भिंती दोन बोटांनी दाबल्या तर आत येतात.

कोणी पोकळीत एम-सील भरायला सांगतो, कोणी डब्यातला पीयू फोम, कोणी कार्बनच्या नळ्या. मी फ्लॅटमध्ये राहतो, ड्रिल मशिन आणि कानस यापलीकडे हत्यारे नाहीत, आणि बाहेर पाऊस सुरू आहे. यातले नेमके काय करावे, आणि सामान ठाणे-नवी मुंबईत कुठे मिळेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

वागळे_फिटर

कागदाची चाचणी तुम्ही आधीच केली हे उत्तम, कारण निम्मे लोक स्टॉकला दोष देतात आणि अखेरीस दुर्बिणीचे माउंट सैल निघते. तुमच्या रायफलीत काय घडते ते असे: बायपॉडचा स्टड (तो अडकवायची खुंटी) फोरएंडच्या टोकाजवळ आहे, फोरएंड वर लवून सिलिंडरला टेकतो, आणि सिलिंडर पुढे बँडने बॅरलला जोडलेला असल्यामुळे तो दाब बॅरलपर्यंत पोहोचतो. सिलिंडरवर कोणताही पट्टा किंवा आधार घट्ट बसवून हा दोष झाकू नये. दाब कमी-जास्त झाला की सिलिंडर किंचित हलतो आणि त्याला मोकळीक लागते.

आता भरावाविषयी. पीयू फोमने स्टॉकचा पोकळ आवाज जातो, ताठपणा जवळजवळ वाढत नाही. एम-सीलने थोडा वाढतो, पण त्याबदल्यात रायफलीचे नाक जड होते. कारण साधे आहे. पॉलिप्रॉपिलीनचा (अनेक स्टॉकचे प्लास्टिक) लवचिकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, दीड गिगापास्कलच्या आसपास असतो आणि इपॉक्सीचा तीनच्या आसपास, म्हणजे दुबळ्या वस्तूत तुम्ही जराशी कमी दुबळी वस्तू ओतता. ॲल्युमिनियमचा ७०, लांब तंतूंच्या कार्बन नळीचा १०० च्या वर आणि पोलादाचा २०० असतो. त्यामुळे काम नळी करते. इपॉक्सी फक्त नळीला भिंतीशी बांधून ठेवते.

नळी कुठे बसवली याला ती किती जाड आहे यापेक्षा जास्त महत्त्व आहे. फोरएंड वाकताना त्याच्या उंचीच्या मध्याच्या आसपास एक थर असा असतो की जो ना ताणला जातो ना दाबला जातो. त्या थरापासून नळी दुप्पट अंतरावर गेली की तिचा हातभार सुमारे चौपट होतो. तेव्हा पोकळीच्या मधोमध एक जाड दांडा घालण्यापेक्षा तळाला एक आणि वर दोन्ही भिंतींच्या काठालगत एकेक अशा तीन बारीक नळ्या घातल्या तर वजन तेवढेच राहून फरक कितीतरी मोठा पडतो. डावी-उजवी बाजू सारखीच ठेवावी. प्लास्टिक उन्हात ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट फुगते आणि कार्बन जवळजवळ फुगतच नाही, त्यामुळे एकाच बाजूला नळी असेल तर तापल्यावर फोरएंड आडवा वळतो.

नळ्या घालण्यासाठी आडव्या फासळ्यांना एका रेषेत भोके पाडावीत आणि नळी त्यांतून ओवून न्यावी, म्हणजे चिकटण्याव्यतिरिक्त ती फासळ्यांत अडकूनही राहते. मागचे टोक पुढच्या ॲक्शन स्क्रूच्या (ॲक्शन, म्हणजे रायफलीचा यंत्रभाग, स्टॉकला जोडणाऱ्या स्क्रूच्या) मागे निदान चार-पाच सेंटिमीटर गेले पाहिजे. पुष्कळ जण नळी स्क्रूच्या अलीकडेच थांबवतात. मग फोरएंड ताठ होतो आणि वाक नेमका स्क्रूपाशी जाऊन बसतो.

सुरुवात करण्यापूर्वी मोजमाप घ्यावे. स्टॉक स्क्रूच्या जागी शिकंज्यात उलटा धरावा, स्टडला दोन किलोचे वजन टांगावे आणि टोक किती लवले ते डायल गेजने किंवा नुसत्या पट्टीने लिहून ठेवावे. काम झाल्यावर तेच वजन, तीच जागा. नाहीतर पैसे खर्च केले म्हणून स्टॉक कडक वाटू लागतो.

सामानाचे म्हणाल तर ॲल्युमिनियमच्या नळ्या वागळे इस्टेटमध्ये खिडक्यांची कामे करणाऱ्यांकडे कापलेल्या तुकड्यांतही मिळतात. कार्बनच्या नळ्या ड्रोन आणि विमानांच्या मॉडेलचे सामान विकणाऱ्यांकडे पाहाव्यात. धनुर्विद्येचा मोडका कार्बन बाण मिळाला तरी त्याचा दांडा चालतो.

रबाळे_एफआरपी

वरील सर्व मान्य आहे, पण एक गोष्ट राहिली आणि बहुतेक कामे तिथेच फसतात. स्टॉक कोणत्या प्लास्टिकचा आहे? पॉलिप्रॉपिलीन असेल तर इपॉक्सी त्याला धरत नाही. पहिले दोन-चार दिवस धरल्यासारखे वाटते, नंतर आख्खी लादी सुटून आत खुळखुळते.

ओळखण्यासाठी आतल्या बाजूने ब्लेडने एक बारीक सोललेली कातर (पातळ ढलपी) काढावी. ती पाण्यात टाकताना बोटाने बुडवून हवेचे बुडबुडे काढून टाकावेत. तरंगली तर ते काचतंतू नसलेले पॉलिप्रॉपिलीन समजावे. बुडाली तर नायलॉन असू शकते किंवा काचतंतू घातलेले पॉलिप्रॉपिलीनही असू शकते, म्हणून दुसरी कातर चिमट्यात धरून गॅलरीत पेटवावी: विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिप्रॉपिलीन, केस जळल्यासारखा आला तर नायलॉन. धूर मुद्दाम हुंगू नये. वास दुरूनही कळतो.

नायलॉन असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासून, ॲसिटोनने पुसून इपॉक्सी लावली की ती बऱ्यापैकी धरते. पॉलिप्रॉपिलीन असेल तर चिकटण्यावर विसंबू नये. फासळ्यांना भोके पाडावीत, भिंतींना आतून तिरक्या खाचा द्याव्यात, म्हणजे इपॉक्सी त्यांत शिरून खिळ्यासारखी अडकते. आमच्या कामात आम्ही ब्लो टॉर्चची निळी ज्योत पृष्ठभागावरून झरकन फिरवतो. त्याने वरचा थर बदलतो आणि पाण्याचा थेंब गोळा होऊन न बसता पसरू लागतो. हे जमले तर त्याच तासात इपॉक्सी लावावी. मात्र पातळ भिंतीवर ज्योत क्षणभर थांबली तरी भिंत वाकडी होते, त्यामुळे सवय नसेल तर टाळलेले बरे. आणि हे करताना ॲक्शन आणि सिलिंडर त्या खोलीतसुद्धा नसावेत.

इपॉक्सी सावकाश सुकणारी घ्यावी. साधी अ‍ॅरल्डाइट चालते: आकारमानाने समसमान, वजनाने १०० भाग रेझिनला ८० भाग हार्डनर. पाच मिनिटांत सुकणारी वापरू नये, कारण ती एका जागी जास्त साचली की स्वतःच तापते आणि भिंतीला फुगवटा आणते. सावकाश सुकणारीसुद्धा एकदम ओतू नये. सात-आठ मिलिमीटरचे थर द्यावेत. किती लागेल याचा अंदाज घ्यायचा तर पोकळीत साबुदाणा भरून तो मोजपात्रात ओतावा. १५० मिली निघाला तर पूर्ण भरावाचे वजन साधारण १७० ग्रॅम होईल, आणि नाकाशी तेवढे वजन नक्कीच जाणवते. म्हणून नळ्यांभोवती इपॉक्सी आणि मधल्या जागेत थर्माकोलचे कापलेले तुकडे, असे करावे. इपॉक्सीने थर्माकोल विरघळत नाही. पॉलिएस्टर रेझिनने मात्र विरघळतो, म्हणून दुकानदाराने स्वस्त म्हणून पॉलिएस्टर पुढे केले तर घेऊ नये.

पावसाळ्याविषयी. दमट हवेत हार्डनरमधील अमाइनचा ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन सुकलेल्या थरावर मेणचट साय येते. तिच्यावर पुढचा थर चढवला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. ती साय ॲसिटोनने नीट जात नाही. साध्या पाण्याने आणि स्कॉचब्राइटने घासून, कोरडे करून मगच पुढे जावे. नायलॉन हवेतले पाणी पितो, म्हणून काम करण्यापूर्वी स्टॉक एक-दोन दिवस सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवावा. नाइट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि कार्बन कापताना मास्क लावून पाते ओले ठेवावे. ती धूळ हाताला खाज आणते आणि छातीत गेलेली बरी नव्हे.

ऐरोलीचे_काका

तरुण मंडळींनी सांगितलेले सगळे योग्य आहे, पण एवढा खटाटोप करण्यापूर्वी स्टड मागे घेऊन पाहा. समजा पुढच्या ॲक्शन स्क्रूपासून फोरएंडचे टोक २४ सेंटिमीटर आहे आणि स्टड अगदी टोकाशी आहे. तो १८ सेंटिमीटरवर आणला तर, फोरएंड सगळीकडे सारखाच आहे असे धरून, त्याच दाबाला टोकाचा वाक आधीच्या सुमारे ६३ टक्के उरतो, आणि स्टडखालचा तर ४२ टक्के. एक भोक आणि एक नट, एवढ्यावर एक तृतीयांशाहून अधिक दोष जातो. बायपॉड थोडा डुलेल, ते सोसावे.

दुसरा उपाय पन्हळ रुंद करण्याचा. योग्य जाडीच्या दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून सिलिंडरची पन्हळ एक-दीड मिलिमीटरने वाढवता येते. लोक सर्रास करतात. तुमच्या भिंती बोटाने दबतात म्हणता, तेव्हा तुमच्या बाबतीत मी तो सुचवणार नाही. भिंत आणखी पातळ झाली की ती आणखी लवेल आणि कमावलेली फट तिथेच संपेल.

स्प्रिंगच्या, बॅरल मोडून भरायच्या रायफली असणाऱ्यांनी हा धागा वाचून लगेच नळ्या आणायला धावू नये. तिथे बॅरल स्टॉकच्या वर मोकळीच असते, आणि ग्रुप फुटतो तो बहुधा हातात धरण्याच्या पद्धतीमुळे किंवा फोरएंडचे बाजूचे स्क्रू ढिले झाल्यामुळे. आणि चाचणीसाठी कोणीही येऊरच्या बाजूला जाऊ नये. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. परवाना न लागणारी एअर रायफलसुद्धा तिथे नेली तर वन्यजीव कायद्याखाली प्रकरण उभे राहते.

कोलशेतकर_नेमबाज

सर्वांचे मनापासून आभार. कातर पाण्यात बुडाली आणि जळताना केसांचा वास आला, म्हणजे नायलॉन दिसतो. दोन किलोला टोक जवळजवळ ४ मिलिमीटर लवते. काकांच्या सांगण्यानुसार स्टड मागे घेतो आहे, पण भिंती इतक्या मऊ आहेत की नळ्याही घालाव्या लागतील असे वाटते. दोन शंका आहेत. वरच्या काठालगत नळीला जागा जेमतेम ६ मिलिमीटर आहे, तर तिथे नळीऐवजी ॲल्युमिनियमची चपटी पट्टी उभी लावली तर चालेल का? आणि इपॉक्सी ॲक्शनच्या जागेत गळू नये म्हणून काय करावे?

वागळे_फिटर

पट्टी चालेल, आणि उभीच लावावी. आडवी लावली तर तिची रुंदी वाया जाते. ३ मिमी जाड आणि १२ मिमी उंच पट्टी घ्यावी, दोन्ही अंगांनी कानशीने खरवडावी, तिला दर तीन सेंटिमीटरवर एक भोक पाडावे म्हणजे इपॉक्सी आरपार जाईल. खरवडल्यावर फार वेळ न घालवता चिकटवावी.

गळतीसाठी स्क्रूची भोके, ट्रिगरची जागा आणि ॲक्शन बसते त्या कडा मुलांच्या खेळण्याच्या क्लेने बुजवाव्यात. ॲक्शनच्या बैठकीत इपॉक्सीचा एक थेंबही राहता कामा नये, नाहीतर ॲक्शन तिरकी बसेल आणि ताठ स्टॉकचा काही उपयोग होणार नाही. शेवटी फट तपासायला ॲक्शन बसवण्यापूर्वी सिलिंडरवर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन थर आणि त्यावर बिनरंगी बूट पॉलिश लावावे, म्हणजे कुठे ओला अंश राहिला असेल तरी तो सिलिंडरला धरणार नाही. त्या वेळी रायफलीत छर्रा नाही आणि ती कॉक केलेली नाही, हे दोनदा पाहावे.

रबाळे_एफआरपी

एक पुरवणी. ओतल्यावर स्टॉक उलटा-सुलटा न करता लेव्हल लावून आडवा ठेवावा, आणि लवकर सुकावा म्हणून उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. तापून वाकलेल्या अवस्थेत इपॉक्सी सुकली तर तो वाक कायमचा झाला. चोवीस तासांनी हाताळता येतो, पण खोलीच्या तापमानाला पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो. स्टडचा नवा नट बसवून दोन किलोचे वजन टांगायचे ते त्यानंतर.